नवा ट्रक कर्जावर की जुना रोखीने? हिशेबासकट मतं हवीत

पाटा_कमान (धागाकर्ता)

"नवी घ्या, कटकट नको" आणि "जुनी घ्या, हप्ता नको" ही दोन वाक्यं या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. त्यामागे कागदावरचा हिशेब मात्र क्वचितच सापडतो. म्हणून हा धागा.

प्रश्न असा. पहिलीच गाडी घ्यायची आहे. तीन ॲक्सलचा मालवाहू ट्रक, काम लांब पल्ल्याचं, महिन्याला साधारण १०,००० किमी. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून नवी गाडी बॉडी-विम्यासकट रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च १०० धरू. बाकी सगळे आकडे त्याच मापात. हातात ३५ आहेत. चार वर्षं चाललेली, एकाच मालकाची, बऱ्या अवस्थेतली गाडी ४० ला मिळते असं गृहीत धरा.

अ) नवी : २० भरायचे, ८० कर्ज, १५ हातात.
ब) जुनी : १५ भरायचे, २५ कर्ज, २० हातात.
क) जुनी, जवळजवळ रोखीने : ३५ भरायचे, ५ उसने, हातात शून्य.

कोणता पर्याय, आणि का? "नशिबाचा भाग आहे" सोडून काहीही चालेल.

हिशेबी_माणूस

आधी नुसते हप्ते बघू. व्याज घटत्या शिलकीवर (जितकं कर्ज बाकी तितक्यावरच) धरतो.

अ : ८० चं कर्ज, वार्षिक १२ टक्के, ४८ महिने. हप्ता २.११. एकूण परतफेड १०१.१, म्हणजे व्याज २१.१.
ब : २५ चं कर्ज. जुन्या गाडीला दर जास्त लागतो आणि मुदत कमी मिळते, म्हणून १५ टक्के, ३६ महिने. हप्ता ०.८७. परतफेड ३१.२, व्याज ६.२.

पहिली तीन वर्षं दर महिन्याला १.२४ चा फरक. थोडक्यात, नव्या गाडीच्या किमतीचा सव्वा टक्का तुम्ही दरमहा "कटकट नको" यासाठी मोजता. जुनीच्या दुरुस्तीला, जास्तीच्या डिझेलला आणि उभ्या दिवसांना मिळून महिन्याला त्याहून कमी लागत असेल तर जुनी स्वस्त.

रिकामी_फेरी

क वाल्याला आधीच हात जोडतो. हप्ता नसलेली गाडी गिअरबॉक्ससाठी महिनाभर उभी, कारण खिशात दमडी नाही, याला कर्जमुक्ती म्हणायचं का?

टर्बो_तात्या

@हिशेबी_माणूस, गणित बरोबर आहे, पण अर्धं आहे. शेवटी हातात काय उरतं ते धरलंच नाही.

धाग्यातल्या गृहीतकानुसारच चार वर्षांच्या गाडीला ४० मिळतात. म्हणजे अ पर्यायात २० + १०१.१ = १२१.१ गेले, ४० ची गाडी उरली, निव्वळ खर्च ८१. ब पर्यायात १५ + ३१.२ = ४६.२ गेले. आठ वर्षांची झालेली गाडी २० ला विकली असं धरा, निव्वळ २६. फरक ५५, भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला १.१४.

म्हणजे आकडा थोडा खाली आला, पण निष्कर्ष तोच : कागदावर जुनी जिंकते. प्रश्न एवढाच, की महिन्याचे हे १.१४ जुनी गाडी खाऊन टाकेल का. तिथे गाडीची तपासणी येते आणि तिथेच लोक झोपतात.

हिशेबी_माणूस

मान्य. विक्रीची किंमत सुटली होती. उलट दिशेने अजून एक भर : नवीचा विमा जुनीपेक्षा महाग पडतो, आणि कर्ज देणारा पूर्ण विम्याशिवाय पैसे सोडत नाही. तो फरक १.१४ च्या वर.

बॅलन्स_शीट

दराबद्दल एक धोक्याची खूण. विक्रेता "फक्त १० टक्के" म्हणतो तेव्हा विचारा, सरसकट (पूर्ण मूळ रकमेवर शेवटपर्यंत) की घटत्या शिलकीवर? सरसकट १० टक्क्यांनी ८० वर चार वर्षांचं व्याज ३२. एकूण ११२, भागिले ४८, हप्ता २.३३. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास निघतो. १२ टक्के सांगणारा महाग वाटतो आणि १० सांगणारा स्वस्त, प्रत्यक्षात उलटं.

म्हणून टक्के विचारूच नका. तीन आकडे लेखी घ्या : हातात पडणारी रक्कम (प्रक्रिया शुल्क, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा वगैरे वजा जाता), महिन्याचा हप्ता, हप्त्यांची संख्या. दर स्वतः काढता येतो. चौथा प्रश्न मुदतीआधी फेडल्यास दंड किती याचा. आणि पाचवा, एक हप्ता उशिरा गेला तर नेमकं काय होतं.

खडखडाट

पाच वर्षांची मुदत घेतली की हप्ता कमी होतो ना? मग अ पर्याय तितका जड राहत नाही.

बॅलन्स_शीट

@खडखडाट, ६० महिन्यांवर हप्ता १.७८ होतो, एकूण व्याज २१ चं २६.८ होतं. पण खरा धोका व्याजात नाही, मधल्या काळात आहे. दोन वर्षांनी काम बंद पडलं आणि गाडी विकावी लागली, तर ४८ महिन्यांच्या कर्जात अजून ४४.८ देणं बाकी असतं. ६० महिन्यांच्या कर्जात ५३.६. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो म्हणून निम्मी मुदत संपली तरी निम्मं कर्ज फिटलेलं नसतं. बाजार गाडीला ५० देत असेल तर पहिला सुटतो, दुसरा गाडी विकूनही वर ३.६ देणं लागतो.

नव्या गाडीची किंमत सर्वांत वेगाने पडते ती पहिल्या दोन वर्षांत, आणि कर्ज सर्वांत हळू फिटतं तेही त्याच दोन वर्षांत. लांब मुदत घेणाऱ्याने ही कात्री लक्षात ठेवावी.

मैलाचा_दगड

एक साधा नियम. कर्जाची मुदत कामाच्या करारापेक्षा लांब नको. माल देणाऱ्याने दोन वर्षांचा करार दिला असेल तर पाच वर्षांचा हप्ता कशाच्या जोरावर? करारच नसेल, रोज बाजारातून भाडं उचलायचं असेल, तर नव्या गाडीचा विचार दुसऱ्या गाडीच्या वेळी करा.

शोरूमचा_वास

सगळे जुनीच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू. गाडी उभी राहण्याचा खर्च दुरुस्तीच्या बिलाइतकाच नसतो. वेळेवर माल पोचवण्याच्या कामात एक दिवस चुकला की दंड, दोनदा चुकला की काम दुसऱ्याला. त्या दिवशीचं भाडं गेलं, परतीचा माल गेला, चालकाचा पगार चालूच. कारखान्याला भाग पुरवणं, नाशवंत माल, बंदरावरचे कंटेनर, अशा कामांत नवी गाडी चैन नसते.

आणि डिझेल. नवी ४ किमी देते आणि जुनी ३.६ असं धरलं तरी १०,००० किमीला २,५०० विरुद्ध २,७७८ लिटर. महिन्याला २७८ लिटर जास्त. आपापल्या दराने गुणा आणि त्या १.१४ शी ताडून बघा. बऱ्याच जणांचा निम्मा फायदा इथेच उडतो.

टर्बो_तात्या

बरोबर, पण तो फरक किलोमीटरवर चालतो हे विसरू नका. तीच गाडी महिन्याला ४,००० किमी चालली तर जास्तीचं डिझेल फक्त १११ लिटर, आणि हप्ता मात्र २.११ च. हप्ता किलोमीटर बघत नाही. १०,००० किमीवर हप्त्याचा बोजा दर हजार किमीला ०.२१, ४,००० वर ०.५३. म्हणून जिथे चाक सतत फिरतं तिथे नवी, आणि जिथे गाडी भरायला-उतरवायला निम्मा वेळ उभी असते तिथे जुनी.

नट_बोल्ट

@शोरूमचा_वास, नव्या गाडीच्या हमीवर लोक डोळे मिटून विसंबतात. हमीचं पुस्तक उघडा. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बेल्ट, रबरी बुश या झिजणाऱ्या वस्तू सहसा हमीत नसतात. टायर आणि बॅटरीची हमी त्यांच्या-त्यांच्या कंपनीची, वेगळी. इंजिन-गिअरबॉक्सची मुदत लांब आणि बाकी गाडीची आखूड, असेही दोन भाग असतात. शिवाय ठरलेल्या किलोमीटरला, ठरलेल्या दर्जाचं ऑइल टाकल्याची नोंद नसेल तर दावा नाकारला जातो. आणि उभ्या दिवसांची भरपाई हमी देत नाही, फक्त भाग देते. तोही उपलब्ध असेल तेव्हा.

गंमतजंमत

हमी म्हणजे छत्री. पाऊस पडला की घरी राहिलेली असते.

ग्रीसगन

आता तपासणी. ४० ची गाडी ४० ची आहे का ६० ची (२० दुरुस्तीत) हे इथे कळतं. क्रमाने करा. दिवसभर लागतो, घाई करणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

इंजिन थंड असलं पाहिजे. पोचल्यावर आधी ऑइल पॅन आणि रेडिएटरच्या टाकीला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असावं. दुसऱ्या दिवशी परत या.

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, म्हणजे पाणी आणि ऑइल कुठेतरी भेटतायत. नुसत्या झाकणावरची पातळ साय थंड हवेत दमटपणानेही येते, डिपस्टिकवरही दिसली तर मात्र गंभीर. मग चालू करा. इंजिन तापत जाताना टाकीत सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. गरम झाल्यावर झाकणाला हात लावू नका.

धूर : सुरू करताना क्षणभर पांढरा चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर पाणी जळतंय किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी : एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला पाइप, टर्बो.

गरम इंजिन मंद गतीवर असताना ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भोकातून धूर भकाभका आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (आतली नळकांडी) संपत आलेत. पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट असं सगळं काम आलं. ही रक्कम किमतीतून सरळ वजा करा.

टर्बो : इंजिन बंद करून हवेचा पाइप काढा, शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ असतोच, ऑइलच्या थरावर तो फिरतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर नवा धरा.

जमलं तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. लोखंड जास्त म्हणजे लायनर-रिंग, शिसं-तांबं म्हणजे बेअरिंग-बुश, सिलिकॉन म्हणजे फिल्टरमधून धूळ गेलेली, सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंट मिसळलेलं. ऑइल कालच बदललेलं असेल तर नमुना निरुपयोगी, म्हणून डिपस्टिकवर लख्ख ऑइल दिसलं की खूश होऊ नका.

चासी_नंबर

@ग्रीसगन, इंजिन दुरुस्त होतं. चासी गेली की गाडी गेली. गाडीखाली टॉर्च घेऊन झोपायची लाज बाळगू नका.

कमान-पाट्यांचे ब्रॅकेट जिथे रेलला (चासीच्या लांब तुळईला) जोडलेत तिथे आणि आडव्या जोडपट्ट्यांच्या रिव्हेटांभोवती तडे शोधा. रिव्हेटापाशी गंजाचा ओघळ म्हणजे तो रिव्हेट हलतोय. रेलच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर वेल्डिंग किंवा नवीन पाडलेलं भोक दिसलं तर विचारू नका, निघा. सगळा ताण तिथेच येतो. आतून जोडलेली जास्तीची पट्टी काही वेळा कारखान्यातूनच असते, त्यामुळे नुसती पट्टी दिसली म्हणून घाबरू नये. मात्र एकाच बाजूला असेल किंवा ताज्या काळ्या रंगाखाली लपवलेली असेल तर संशय घ्या.

मग फीत काढा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर डावीकडून आणि उजवीकडून मोजा. फरक पडला तर ॲक्सल सरकलाय किंवा चासी वाकलीय. सरळ रस्त्यावर दुसऱ्याला चालवायला सांगून मागून बघा, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली तर तेच.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचे एंड बघा.

उंदीर_वायर_खातो

इलेक्ट्रिकल राहिलं. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. फ्यूजच्या जागी तार, मूळ हार्नेसला (तारांच्या जुडग्याला) टेप गुंडाळून काढलेले फाटे, चासीला अर्थ जोडलेल्या जागी गंज, हे दिसलं की पुढची दोन वर्षं "कधी चालतं कधी नाही" हा आजार. याचं बिल लहान असतं, शोधण्यात दिवस जातात.

हवा_टाइट

हवेच्या ब्रेकची चाचणी पाच मिनिटांची आहे. हवेच्या टाक्या भरू द्या, कंप्रेसर थांबला की इंजिन बंद. चाकांखाली ठोकळे लावून पार्किंग ब्रेक सोडा, पायाने ब्रेक दाबून धरा आणि पहिला उतार झाल्यावर एक मिनिट मोजा. एकट्या ट्रकचा दाब मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं माप) जास्त उतरू नये, ट्रेलर जोडलेला असेल तर ४. अमेरिकेत जड वाहनांच्या परवान्याच्या परीक्षेत हेच आकडे विचारतात. नंतर टाक्यांखालचे नळ उघडा. थोडं पाणी चालतं. चिकट तेल आलं तर कंप्रेसर ऑइल फेकतोय, तेच तेल पुढे व्हॉल्व्हची रबरं खातं.

वाटसरू_७

वाचनखूण साठवली. तपासणीचे प्रतिसाद छापून गाडीत ठेवण्यासारखे आहेत.

पाटा_कमान

सगळ्यांचे आभार. किलोमीटर मागे फिरवलेले कसे ओळखायचे? "फक्त ३ लाख" सगळेच सांगतात.

डब्बा_स्कॅनर

इंजिनाच्या संगणकाला विचारा, तो मीटरइतका सहज खोटं बोलत नाही. स्कॅनर लावून चार गोष्टी काढा : एकूण इंजिन तास, त्यातले मंद गतीवर उभे राहिलेले तास, एकूण जळलेलं डिझेल, आणि साठलेले दोष-संकेत.

३ लाख किमी आणि १५,००० तास दिसले तर सरासरी वेग ताशी २० किमी. लांब पल्ल्याच्या गाडीला हे शोभत नाही. एक तर मीटर फिरवलाय, किंवा गाडी निम्मं आयुष्य इंजिन चालू ठेवून उभी होती. दोन्हींत इंजिन १५,००० तास झिजलेलंच आहे. ६ लाख आणि १५,००० असेल तर सरासरी ४०, हे पटण्यासारखं. जळलेलं डिझेलही पडताळा : ३ लाख किमीला दीड लाख लिटर म्हणजे २ चा ॲव्हरेज, कुठेतरी पाणी मुरतंय.

दोष-संकेत एकही नाही, इतिहासही कोरा, असं असेल तर ते तुम्ही येण्याआधी पुसलेले असू शकतात. २०-३० किमी चालवून पुन्हा स्कॅन करा.

स्कॅनर नसेल तर पेडलचं रबर, स्टीअरिंगची चकाकी, सीटची कड, दाराची बिजागरं. ३ लाखांत क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. आणि रबर कोरं करकरीत असेल तरी प्रश्न विचारा.

युरिया_संपला

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी काढलीच नाही. धूर शुद्ध करणारी यंत्रणा. युरो ६ किंवा त्या तोडीच्या धूर-मानकाच्या जुन्या गाड्या आता बाजारात येतात, आणि "जुनी म्हणजे साधी, कुठेही दुरुस्त होते" हे वाक्य त्यांना लागू नाही.

काजळीचा फिल्टर : साठलेली काजळी गाडी स्वतःच तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन जाळते. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती साठतच जाते आणि फिल्टर उतरवून साफ करावा लागतो. गाडी लांब पल्ल्याची असेल तर आपोआप सफाई नीट होते. शहरात थांबत-थांबत चालणारी असेल तर अर्धवट राहते आणि फिल्टर चोंदतो. स्कॅनरवर शेवटच्या सफाईनंतर किती किलोमीटर झाले ते बघा, फार लवकर-लवकर सफाई होत असेल तर फिल्टर भरत आलाय किंवा इंजेक्टर-टर्बो जास्त काजळी करतायत. कमी राखेचं ऑइल (सीजे-४, सीके-४ दर्जाचं) वापरलंय का विचारा.

युरियाची यंत्रणा (धुरात युरियाचं द्रावण फवारून विषारी वायू कमी करणारी) : द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं. टाकीच्या झाकणाखाली आणि नोझलजवळ पांढरे खडे साचलेत का बघा. त्या टाकीत चुकून डिझेल गेलेलं असेल तर पंपासकट सगळं बदलावं लागतं. आणि सर्वांत वाईट : यंत्रणा बंद करून संगणकाला फसवणारा डबा बसवलेला असतो. गाडी छान पळते, दिवा लागत नाही, पण धुराच्या तपासणीत अडकली की मूळ भाग परत बसवण्याचा खर्च तुमचा. यंत्रणेचे सगळे सेन्सर स्कॅनरवर जिवंत आकडे दाखवतात का हे बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

टर्बो_तात्या

+१. यात इंजेक्टर जोडा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच नळी) दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो, डिझेलमधलं थोडं पाणी किंवा कचरा इंजेक्टर खलास करतो. परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्या : प्रत्येक इंजेक्टरला बाटली लावून ठराविक वेळेत किती डिझेल मागे येतं ते मोजतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त भरली तर तो गेला. सहा सिलिंडरचे सहा बदलायची वेळ आली तर वर्षभराचा "वाचलेला हप्ता" एका दिवसात संपू शकतो.

खडखडाट

मग सरळ त्याआधीच्या पिढीची, साध्या पंपाची गाडी घ्यावी. हातोडी आणि पाना पुरे.

मैलाचा_दगड

@खडखडाट, तुमच्या मार्गावरची शहरं तिला आत घेतात का ते आधी बघा. कितीतरी शहरांत जुन्या मानकांच्या डिझेल गाड्यांवर बंदी किंवा जादा शुल्क आहे, आणि हे नियम सैल होत नाहीत, आवळतात. पुन्हा विकताना गिऱ्हाईकही हेच विचारणार.

रबर_जळतं

टायरवरून मालक कळतो. बाजूच्या भिंतीवरच्या खुणेतले शेवटचे चार आकडे : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. दहा टायरांवर सात वेगवेगळ्या तारखा आणि चार कंपन्या असतील तर मालकाने फक्त फाटेल तसं बदललंय. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवून चालवलीय, मधला भाग झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट किंवा किंगपिन, वाट्या-वाट्या पडल्या असतील तर शॉकॲब्सॉर्बर. जोडटायरांचा घेर कमी-जास्त असेल तर मोठा टायर सगळं वजन घेतो आणि लहान घासत राहतो. दोन्ही बाजूंच्या घेरात फरक असेल तर डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) विनाकारण फिरत राहतं.

नवा संच मोठा खर्च आहे. किंमत ठरवताना टायर वेगळे मोजा.

गंमतजंमत

म्हणजे जुन्या गाडीबरोबर टायर फुकट मिळत नाहीत, टायरांबरोबर जुनी गाडी मिळते.

लिलाव_बघ्या

हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त दिसतात. स्वस्त का, ते समजून घ्या. ज्याला हप्ता जमत नव्हता त्याला ऑइल बदलणंही जमत नव्हतं. शेवटचे सहा-आठ महिने गाडी नुसती पिळलेली असते. ओढून नेणार हे कळल्यावर चांगले टायर, बॅटऱ्या, कधी स्टार्टरसुद्धा बदलून जुने लावलेले असतात. नंतर उघड्यावर उभी राहून ब्रेक जाम होतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं. लिलावात बहुधा चालवून बघायला मिळत नाही. त्यामुळे बोली लावताना इंजिनाचं पूर्ण काम निघेल असं धरूनच आकडा ठरवा, नाही निघालं तर नफा.

याउलट मोठ्या ताफ्याच्या कंपन्या हमी संपायच्या सुमारास गाड्या विकतात. किलोमीटर भरपूर, पण प्रत्येक सर्व्हिसची नोंद असते. कमी किलोमीटरची बिननोंदीची गाडी आणि जास्त किलोमीटरची नोंदवाली गाडी यांत दुसरी घ्या.

कागद : चासी नंबर रेलवर कोरलेला, पट्टीवरचा आणि नोंदणीवरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. सतरा अक्षरांच्या क्रमांकात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, दिसलं तर कोणीतरी हात मारलाय. आधीचं कर्ज फिटल्याचा दाखला आणि नोंदणीवरचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शोरूमचा_वास

मधला मार्ग म्हणून भाडेपट्टा किंवा शेवटी मोठी रक्कम ठेवलेलं कर्ज, यावर कोणी बोललं नाही.

बॅलन्स_शीट

@शोरूमचा_वास, शेवटी ठेवलेली रक्कम म्हणजे हप्ता हलका आणि शेवटी डोंगर. त्या दिवशी गाडीची बाजारकिंमत डोंगराएवढी नसेल तर पुन्हा कर्ज. भाडेपट्ट्यात किलोमीटरची मर्यादा, जास्तीच्या किलोमीटरचा दर आणि परत देताना "वाजवी झीज" कशाला म्हणायचं, या तीन ओळी वाचा. महिन्याला १०,००० किमी चालणाऱ्याला मर्यादा बहुधा पुरत नाही.

घाट_रस्ता

एक मुद्दा वेगळा. जुनी गाडी दुसऱ्याच्या कामासाठी बांधलेली असते. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) बघा. खाणीतल्या किंवा टिपरच्या गाडीचं गुणोत्तर मोठं असतं, चढ सहज चढते, पण महामार्गावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढलेले राहतात आणि ॲव्हरेज बुडतो. उलट महामार्गाची गाडी खाणीत घातली तर क्लच आणि चासी दोन्ही रडतात. चालवून बघताना वरच्या गिअरमध्ये तुमच्या नेहमीच्या वेगाला किती आरपीएम येतात ते बघा, मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या वर असतील तर ती तुमची गाडी नव्हे, कितीही स्वस्त असो. व्हीलबेस आणि बॉडीची लांबी तुमच्या मालाला जुळते का, हेही त्याच वेळी. नव्या गाडीचा मोठा फायदा मला हाच वाटतो : कामाला हवी तशी मागवता येते.

पाटा_कमान

तर मूळ प्रश्नाकडे येतो. करार एक वर्षाचा आहे, नूतनीकरण होईलच असं नाही. बहुतेकांच्या म्हणण्यानुसार ब, नोंदवाली गाडी, आणि हातातले २० तसेच ठेवायचे. त्या २० पैकी किती दुरुस्तीला बाजूला ठेवू?

टर्बो_तात्या

पहिल्याच दिवशी ४ ते ५ खर्च करून टाका : सगळी ऑइलं (इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग), सगळे फिल्टर, कूलंट, बेल्ट, होसपाइप, ब्रेक लायनर बघणे, चाकांची बेअरिंगं ग्रीस करणे. गिअरबॉक्सचं ऑइल काढताना खालच्या चुंबकवाल्या बुचाकडे बघा. राखाडी मऊ लेप चालतो, टोचणारा कण चालत नाही. मग एका मोठ्या कामापुरते ८ हात न लावता ठेवा. उरलेले डिझेल-टोल-पगाराला, कारण भाड्याचे पैसे यायला दोन महिने लागतात आणि डिझेलवाला दोन दिवस थांबत नाही.

हिशेबी_माणूस

शिवाय नवीचा २.११ हप्ता भरतोय असं समजून, खऱ्या ०.८७ नंतर उरणाऱ्या १.२४ पैकी निम्मे तरी दर महिन्याला वेगळ्या खात्यात. तीन वर्षांत २२ च्या वर जमतात. म्हणजे पुढच्या नव्या गाडीचे डाउन पेमेंट. इंजिन मध्येच निकामी झालं तर इंजिनाचे.

रिकामी_फेरी

आणि तपासायला मेकॅनिक विक्रेत्याच्या ओळखीचा नेऊ नका. मेहुण्याच्या ओळखीचाही नको.

पाटा_कमान

मेहुणाच मेकॅनिक आहे.

ग्रीसगन

मग गाडी थंड आहे का ते तुम्ही बघा, बाकीचं त्याला बघू द्या. आणि डिपस्टिक स्वतः ओढा.